सहा वाजून आठ मिनिटांची चक्कर

"लिहून घ्या! या वर्षी सिस्टर व्यासपीठावर येणार म्हणजे येणार. नाही आल्या, तर हे चिटणीसपद मी सोडलं!"

भर सभेत टेबलावर मूठ आपटून चिटणीसांनी असं ठणकावलं, तेव्हा सात सभासदांपैकी चौघे हसले, दोघांनी खोकल्याचं नाटक केलं आणि अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "कसं आणणार?"

"ते माझ्यावर सोडा!" चिटणीस म्हणाले. मूठ फारच जोरात आपटली गेली होती, त्यामुळे ती पाठीमागे लपवून चोळत म्हणाले.

आता यात हसण्यासारखं काय, ते सांगायला हवं. वाचनालयाचं मंडळ दरवर्षी गावातल्या एका माणसाचा सत्कार करायचं. अडीअडचणीला धावून जाणारा, लोकांसाठी झिजलेला असा माणूस शोधायचा, त्याला मानपत्र द्यायचं, टाळ्या वाजवायच्या, चहा प्यायचा. बंबवाल्यांचा झाला, नावाड्याचा झाला, शाळेतल्या शिपाईमामांचाही झाला. सिस्टरना मात्र अकरा वर्षं बोलावणं जात होतं आणि अकरा वर्षं एकच उत्तर येत होतं. "मला काम आहे."

आणि कामच असायचं हो त्यांना! इस्पितळातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये दाराआड खुंटीला त्यांची पिशवी अडकवलेली असायची आणि उंबऱ्याशी चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या असायच्या. म्हणजे वळवण्यात वेळ जायला नको! कुणाचा पाय मुरगळू दे, कुणाला ताप चढू दे, कुणाचं म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरू दे, फोन गेला की सिस्टर निघाल्याच. फोनवर त्या एकच विचारायच्या, "श्वास चालू आहे ना?" आणि पुढचं ऐकायला थांबायच्या नाहीत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी प्रथमोपचार शिकवले होते. उरलेल्या निम्म्यांवर ते केले होते.

चिटणीसांचं घर त्या दुसऱ्या निम्म्यातलं. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात सिस्टर एकोणीस दिवस रोज यायच्या. आईची वेणीसुद्धा घालायच्या. आई गेली. चिटणीस आभार मानायला तोंड उघडायचे आणि सिस्टर म्हणायच्या, "चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या का?" की गेले आभार! सहा वर्षं झाली, ते शब्द चिटणीसांच्या घशात तसेच अडकून होते. रस्त्यात सिस्टर दिसल्या की हे फुटपाथ बदलायचे. लाज वाटायची, दुसरं काय!

तेव्हा मूठ आपटली ती उगीच नव्हे.

चिटणीसांनी एकतीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं तयार करण्यात घालवली होती. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट वेळापत्रकात बसवली की पार पडते, अशी त्यांची पक्की समजूत. रोज सकाळी ते स्वतःच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. "७.१० चहा. ७.२५ दाढी. ७.४० बायकोशी बोलणे."

"आणि ७.४५ ला काय?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"पेपर!" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

तर बेत असा होता. सत्काराला सिस्टर येत नाहीत. मग येतात कशाला? कुणाला काही झालं तर! मग होऊ दे की कुणाला तरी काहीतरी! वाचनालयाच्या सभागृहात पडदा लावलेला. पडद्याच्या अलीकडे दोनशे लोक चिडीचूप. पलीकडे व्यासपीठावर एक माणूस चक्कर येऊन पडलेला. सिस्टर मागच्या दाराने धावत येणार, पडदा उघडणार, टाळ्यांचा कडकडाट!

"अहो, काहीतरीच काय!" बायको म्हणाली. "त्या बाईंना आजवर कुणी खोटं बोलावलेलं नाही. ते पाप तुम्ही कशाला करताय?"

"अगं, पाप कसलं? दहाव्या मिनिटाला तर टाळ्या आहेत!"

"आणि पडणार कोण?"

चिटणीसांनी दिवाणावर लोळत असलेल्या तिच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. नुसतं पडून राहण्यात या मेहुण्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

"भाऊजी, मला जमेल," मेहुणा तत्परतेने म्हणाला. "शाळेत असताना मी मेलेला सैनिक झालो होतो. लोक रडले होते."

तालीम झाली. चिटणीसांनी समोर उभं राहून छातीला डावीकडे हात लावला, "आई गं!" म्हणाले आणि सावकाश खाली बसले. मेहुण्याने आरशात बघितल्यासारखी हुबेहूब नक्कल केली. आरशासारखी म्हणजे उजव्या बाजूला! चिटणीसांचं लक्ष घड्याळाकडे होतं, त्यामुळे ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग वेळापत्रक तयार झालं. त्याच्या तीन प्रती काढल्या. एक स्वतःला, एक मेहुण्याला आणि एक पडदा ओढणाऱ्या सुतारांना. सुतारांना चिटणीसांनी बजावून सांगितलं, "आकाश कोसळलं तरी सहा अठराला पडदा उघडायचा. माझ्याकडे बघू नका, घड्याळाकडे बघा!"

"बरं," सुतार म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते. पुढे तेच नडलं.

त्या दिवशी सहा वाजता सभागृह गच्च भरलं. सिस्टर येणार एवढंच लोकांना सांगितलं होतं, कशा ते नाही. कुणी चांगले कपडे घालून आलं होतं, कुणी फुलं घेऊन आलं होतं. सिस्टरनी सोडवलेली चार बाळंतपणं स्वतःच्या पायांनी चालत येऊन पहिल्या रांगेत बसली होती. पडद्याच्या फटीतून ते बघून चिटणीसांना भरून आलं. एवढी माणसं! आणि सगळ्यांच्या घशात तेच अडकलेलं!

सहा आठला मेहुणा पडला. झकास पडला. सहा नऊला चिटणीसांनी फोन लावला आणि आयत्या वेळी त्यांची बोबडीच वळली.

"सि... सिस्टर... वाचनालय... मेहुणा... छाती..."

"श्वास चालू आहे ना?"

"चालू... आहे."

"आले."

फोन बंद. इतकं खोटं आणि इतकं सोपं! समोरची बाई एका शब्दाचीही शंका न घेता निघालीसुद्धा. वेळापत्रकात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सहा चौदाला मागचं दार धाडकन उघडलं. वेळापत्रकात सहा पंधरा होते! अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती एवढीशी बाई, पांढरे केस सुटलेले, एका हाताला अजून रबरी हातमोजा, पिशवी खांद्याला. धापा टाकत होती. पण गुडघे टेकले आणि धाप थांबली. बाईने थांब म्हटलं आणि धाप थांबली, असंच चिटणीसांना वाटलं.

"कुठे दुखतंय, बाळा?"

'बाळा' बेचाळीस वर्षांचा होता. त्याने उजवी छाती धरली. "इथे!"

सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. "हात बधिर झालाय?"

"हो."

"कुठला?"

"दोन्ही."

"पाय?"

"तेही." मेहुण्याला रंग चढला होता.

नाडी बघता बघता सिस्टरनी हळूच विचारलं, "आणि कानाच्या पाळ्या? त्या जड झाल्यात?"

"हो ना! मघापासून!"

चिटणीसांनी डोळे मिटून घेतले. सिस्टरनी नाडी सोडली नाही, उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत. श्वास नीट ऐकता यावा म्हणून त्यांनी मेहुण्याच्या सदऱ्याची वरची गुंडी काढली, आणि खिशातून कागदाची घडी त्यांच्या हातात आली. औषधाची चिठ्ठी असेल म्हणून त्यांनी चष्मा चढवला.

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"६.०८ मेहुण्याची चक्कर. ६.०९ फोन (आवाजात काळजी असावी). ६.१५ सिस्टरांचे आगमन. ६.१८ पडदा. टाळ्या (दोन मिनिटे). ६.२० सिस्टरांना गहिवर."

सिस्टरनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग मान वर करून चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीसांची पाचावर धारण बसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण वाचनालयाची फरशी नुकतीच नवी बसवलेली होती.

नेमका त्याच क्षणी पडदा उघडला. सहा अठरा! सुतार घड्याळाकडे बघत होते.

टाळ्यांसाठी दोनशे माणसांनी हात वर उचलले आणि ते तसेच राहिले. समोर व्यासपीठावर एक माणूस आडवा, सदरा उघडा, सिस्टर त्याच्या उशाशी आणि चिटणीस भिंतीला टेकून भिंतीच्याच रंगाचे झालेले.

"अरे, माणूस गेला!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! सिस्टरनी शिकवलेलं निम्मं गाव खुर्च्यांवरून उठलं. जो तो इतकी वर्षं संधीच शोधत होता! कुणी मेहुण्याचे पाय वर केले, कुणी तोंडात साखर कोंबली, दोघींनी पडदा सोडवून त्याची झोळी करायला घेतली. बेकरीवाले तर प्रथमोपचाराच्या वर्गात पहिले आलेले. रोज मण-मण कणीक मळणारे ते हात! त्यांनी एका झेपेत व्यासपीठ गाठलं आणि मेहुण्याच्या छातीवर दोन्ही पंजे रोवून मोजायला सुरुवात केली, "एक! दोन! तीन!"

"मेलो! मेलो!" मेहुणा साखर उडवत किंचाळला. "भाऊजी, मी बरा आहे!"

"बरळतोय!" बेकरीवाले म्हणाले. "चार! पाच!"

"थांबा."

सिस्टरनी आवाज चढवला नव्हता. तरी सगळे थांबले. पाय धरणाऱ्यांनी पाय धरूनच ठेवले, झोळीवाल्या झोळी हातात घेऊन उभ्या राहिल्या, बेकरीवाल्यांचा सहावा दाब अधांतरी राहिला. दोनशे माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल! चिटणीसांनी आगारात भोंगे ऐकले होते, साहेबांची बोलणी ऐकली होती, पण अशी शांतता नव्हती ऐकली.

"दाबायच्या आधी काय बघायचं असतं?" सिस्टरनी विचारलं.

बेकरीवाल्यांनी मान खाली घातली. "श्वास."

"जो माणूस मेलो मेलो म्हणतोय, त्याचा श्वास चालू असतो की नाही?"

"असतो, सिस्टर."

"जा बसा. साखर द्यायला सांगितली होती कुणी? पुसा त्याचं तोंड." मग त्या चिटणीसांकडे वळल्या. हातात अजून तो कागद होता. आता हे सगळ्यांसमोर वाचून दाखवणार! चिटणीसांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा तयार केला, त्यात दोन सुधारणाही केल्या.

पण तेवढ्यात मागच्या दारात खडखडाट झाला. लाँड्रीवाल्याच्या हातगाडीवर, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून गावातली घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे घड्याळजी आले होते. एक पाय पुढे केलेला, पायाला निम्मं बांधलेलं बँडेज, उरलेलं निम्मं गाडीमागून वाटभर लोळत आलेलं.

"घड्याळजी!" सिस्टर पहिल्यांदाच दचकल्या. "तुम्हाला हलू नका म्हटलं होतं ना! जखम उघडी आहे तुमची!"

"तुम्ही अर्ध्यावर उठून पळालात. म्हटलं, कुणाचं तरी फार झालेलं दिसतंय," घड्याळजी म्हणाले. "मला धावता येत नाही. पण बॅटरी धरता येते. धरू का?"

चिटणीसांनी सिस्टरच्या हाताकडे पाहिलं. हातातला तो एक रबरी मोजा! साखरेच्या आजाराचा पाय, महिनाभर चिघळलेली जखम, ती तशीच झाकून ही बाई धावत आली होती. कशासाठी? सहा आठच्या चकरेसाठी! आणि तो म्हातारा, जखमेसकट, मदतीला आला होता.

"सिस्टर," चिटणीस पुढे आले. "माझी चूक झाली. चक्कर खोटी होती. सगळं मी ठरवलं होतं. तुम्हाला इथे आणायचं म्हणून."

सभागृहात कुजबुज उठली. सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या सत्काराच्या टेबलाकडे बघत होत्या.

"ती खुर्ची स्वच्छ आहे?"

ती सत्काराची खुर्ची होती. लाल मखमलीची, जिच्यावर अकरा वर्षं सिस्टर बसल्या नव्हत्या. तीत घड्याळजी बसले. मानपत्राच्या जाडजूड फाइलीवर त्यांची टाच टेकवली. मानचिन्हाचं चांदीचं तबक सिस्टरनी औषधाने पुसलं, त्यावर कात्री, चिमटा आणि कापूस मांडला. मानचिन्ह खाली जमिनीवर. अध्यक्ष हात धुऊन बाटली घेऊन उभे राहिले. भाषणाचा कागद त्यांनी कधी खिशात टाकला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"चिटणीस, बॅटरी धरा. हलवू नका."

चिटणीसांनी बॅटरी धरली, आणि मग त्यांनी पाहिलं. ते हात! अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शिरा उठलेले, चहाचा कप धरताना थरथरतील असे. पण जखमेपाशी गेले आणि एकदम स्थिर! सिस्टर तसूतसूने जखम साफ करत होत्या आणि घड्याळजींशी त्यांच्या जुन्या घड्याळांबद्दल बोलत होत्या. घड्याळजी कुठल्याशा चावीच्या घड्याळाची कुरकुर सांगण्यात इतके रंगले की दुखायचंच विसरले. वीस मिनिटं चाललं ते. दोनशे माणसं श्वास रोखून बघत होती. या हातांनी आपल्यासाठी काय केलं, हे प्रत्येकाला माहीत होतं, पण ते होत असताना आपण कण्हत होतो, रडत होतो; बघितलं होतं कुणी? पहिल्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. मेहुणासुद्धा उठून बसला होता, तोंड उघडं टाकून. चिटणीसांना वाटलं, एकतीस वर्षांत आपण एवढ्या गाड्या वेळेवर सोडल्या, पण असं वेळेवर पोचणं हे काही वेगळंच आहे.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले. बॅटरी हलली नाही, आवाज मात्र हलला. "आईच्या वेळी तुम्ही... मला ते एकदा म्हणायचं होतं. त्यासाठी हा सगळा..."

"मग म्हणा की," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "त्याला पडदा कशाला लागतो?"

"फार उपकार झाले, सिस्टर. तुम्ही तिची वेणी घातलीत."

सिस्टरचा हात क्षणभर थांबला. "केस छान होते त्यांचे," त्या म्हणाल्या. "कात्री द्या."

बँडेज बांधून झालं. घड्याळजी गाडीवर चढले, टाचेखाली फाइल तशीच ठेवून, कारण पाय उंच ठेवायचा होता. सिस्टरनी पिशवी आवरली, तो कागद नीट घडी करून त्यात टाकला आणि मागच्या दाराने गेल्या. त्या गेल्यावर टाळ्या सुरू झाल्या. दोन मिनिटांच्या ठरल्या होत्या, दहा मिनिटं चालल्या. चिटणीसांनी घड्याळ पाहिलं नाही, सुतारांनी सांगितलं.

राजीनामा अध्यक्षांनी घेतला नाही. "व्यासपीठावर आल्या तर खऱ्या," म्हणाले. पण चिटणीसांच्या घशात आता वेगळंच अडकलं. सिस्टर रागावल्या नव्हत्या, तेच वाईट! त्यांनी तो कागद कशाला नेला? उद्या खरोखर कुणाचा फोन गेला आणि त्या क्षणभर जरी थबकल्या, तर? तो क्षण कुणाच्या खाती?

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी चिटणीस स्टुलावर चढून भिंतीवरच्या बंद घड्याळाचा सेल बदलत होते. हात वर, मान वर, आणि एकदम भिंत फिरायला लागली. स्टूल एकीकडे, घड्याळ दुसरीकडे, चिटणीस मध्ये.

बायको धावत आली. "अहो! अहो, उठा! नाटक करताय ना?"

"नाही गं," चिटणीस पुटपुटले. "खरी आहे."

तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. "कुठल्या तोंडाने बोलवू त्यांना?" पुन्हा उचलला. रडतच बोलली, "सिस्टर, ह्यांना चक्कर आलीय हो! खरंच आलीय! आईशप्पथ!"

पलीकडून विचारलं गेलं, "श्वास चालू आहे ना?"

चिटणीस जमिनीवर पडून दाराकडे बघत राहिले. येतील? कशाला येतील? मी त्यांच्या जागी असतो तर आलो असतो का? किती मिनिटं झाली कळायला मार्ग नव्हता, घड्याळ पोटावर पडलं होतं आणि बंद होतं. पण फार नाही झाली. जिन्यात चपला वाजल्या आणि पांढऱ्या केसांचं ते डोकं दारात दिसलं. धापा टाकत. तशीच, त्या दिवशीसारखीच धावत आलेली.

"आलात!" चिटणीसांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला वाटलं..."

"बोलू नका."

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. एका हाताने नाडी धरली आणि दुसरा हात सरळ चिटणीसांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. आतून कागदाची घडी काढली, चष्मा चढवला आणि वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. चहा, दाढी, बायकोशी बोलणे, पेपर, सेल बदलणे, आंघोळ.

मग त्यांनी मान हलवली आणि बायकोला म्हणाल्या, "यात चक्कर लिहिलेली नाही. म्हणजे खरी आहे. पाय वर घ्या यांचे!"